अमेरिकेतले आदिवासी कॅसिनोचे मालक कसे झाले? आणि जालन्यातल्या तांड्यांनी त्यातून काय घ्यावं?

सप्टेंबर २०२५ मध्ये जालना शहराने पाठोपाठ मोठे मोर्चे पाहिले. आधी बंजारा समाज रस्त्यावर उतरला, मग धनगर समाज. दोघांची मागणी एकच होती : आम्हाला अनुसूचित जमातींच्या यादीत घ्या. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, २ सप्टेंबरला, राज्य सरकारने मराठा समाजासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय काढला होता. ज्या गॅझेटच्या नोंदी मराठ्यांसाठी चालतात, त्याच गॅझेटमध्ये आमचीही नोंद आहे, असं बंजारा समाजाचं म्हणणं होतं. त्याच वेळी राज्यात ठिकठिकाणी आदिवासी संघटनांनीही मोर्चे काढले. आमच्या ७ टक्के आरक्षणात वाटेकरी नकोत, ही त्यांची भूमिका होती.

म्हणजे भांडण यादीचं आहे. यादीत नाव आलं की दाखला मिळतो, दाखल्यावर शिक्षणात आणि नोकरीत जागा मिळते.

आता जरा लांबचं एक चित्र पाहा. अमेरिकेतही आदिवासी जमातींची सरकारी यादी आहे. तिथे ५७० हून अधिक जमातींना केंद्र सरकारची मान्यता आहे. त्यातल्या २४० हून अधिक जमाती आज जुगाराचा धंदा करतात, त्यात मोठमोठे कॅसिनोही आले. २०२४ या आर्थिक वर्षात या जमातींनी जुगारातून मिळवलेला महसूल होता ४,३९० कोटी डॉलर, म्हणजे साधारण पावणेचार लाख कोटी रुपये. फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने तर 'हार्ड रॉक' ही जगभर हॉटेलं आणि कॅफे चालवणारी अख्खी कंपनीच २००७ मध्ये विकत घेतली, ९६.५ कोटी डॉलर मोजून.

हे आकडे सोशल मीडियावर फिरले की खाली कमेंट ठरलेली असते : 'मग आपल्याकडे का नाही?' प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण उत्तर शोधायला गेलं, तर जालन्यातल्या मोर्चांबद्दलही बरंच काही कळतं.

एका शब्दाचे दोन अर्थ

'रिझर्व्हेशन' हा शब्द जालन्यात उच्चारला तर तो टक्क्यांचा विषय असतो. किती जागा, कोणत्या प्रवर्गाला, क्रिमिलेअर आहे का वगैरे.

अमेरिकेतल्या आदिवासींसाठी 'रिझर्व्हेशन' म्हणजे जमीन. गोऱ्यांनी मूळ प्रदेश हिसकावून घेतल्यावर करारांनी किंवा आदेशांनी जमातीसाठी राखून ठेवलेला भूभाग. त्या भूभागावर जमातीचं स्वतःचं सरकार असतं, निवडून आलेलं मंडळ असतं, अनेक ठिकाणी स्वतःचं न्यायालय आणि पोलीसही असतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८३१ मध्येच चेरोकी जमातीच्या खटल्यात म्हटलं होतं की, या जमाती म्हणजे देशाच्या आतली, केंद्रावर अवलंबून असलेली राष्ट्रं आहेत. त्या निकालाने आदिवासींची जमीन वाचली नाही. पुढे चेरोकींना घरदार सोडून हजार मैल चालत जावं लागलं आणि त्यात हजारो माणसं मेली. पण कायद्यातलं ते सूत्र टिकलं : जमात हे एक सरकार आहे आणि घटक राज्याचे सगळे कायदे तिच्या जमिनीवर आपोआप लागू होत नाहीत.

दीडशे वर्षांनी याच सूत्रातून कॅसिनो उभा राहिला.

सुरुवात बिंगोपासून

१९७९ मध्ये सेमिनोल जमातीने फ्लोरिडात मोठ्या बक्षिसांचा बिंगो हॉल उघडला. बिंगो म्हणजे आपल्याकडे हळदीकुंकवाला किंवा गणेशोत्सवात खेळतात तो हाउजी. फ्लोरिडात बिंगो चालत होता, पण बक्षिसाच्या रकमेवर मर्यादा होती. सेमिनोलांनी ती मर्यादा पाळली नाही. स्थानिक शेरीफने कारवाईची तयारी केली, जमात कोर्टात गेली आणि १९८१ मध्ये जिंकली.

मोठा निकाल आला १९८७ मध्ये. कॅलिफोर्नियातली कॅबझॉन ही अगदी छोटी जमात बिंगो आणि पत्त्यांचा क्लब चालवत होती. राज्य सरकार म्हणालं, बंद करा. सुप्रीम कोर्टाने उलटा प्रश्न विचारला. कॅलिफोर्नियात जुगारावर पूर्ण बंदी आहे का? नाही. राज्य स्वतः लॉटरी चालवतं. बिंगोलाही परवानगी आहे. म्हणजे राज्य जुगाराला गुन्हा मानत नाही, फक्त त्याचं नियमन करतं. आणि राज्याचं नियमन आदिवासी भूमीवर चालत नाही.

हा तर्क नीट लक्षात ठेवा, पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात लागेल.

निकालामुळे राज्यं घाबरली. वर्षभरात, १९८८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने इंडियन गेमिंग रेग्युलेटरी अ‍ॅक्ट हा कायदा केला. यात राज्यांना थोडं मिळालं, जमातींना थोडं. पूर्ण कॅसिनो चालवायचा तर जमातीने राज्याशी करार करायचा. पण जमातीच्या बाजूने तीन गोष्टी पक्क्या झाल्या.

पहिली, मालकी. जुगाराच्या धंद्याची मालकी जमातीचीच हवी. बाहेरची कंपनी व्यवस्थापनासाठी आणता येते, पण तिचा करार साधारण ५ वर्षांचा, फार तर ७. तिचा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या ३० टक्के, अपवाद म्हणून ४०. त्याच्या वर नाही.

दुसरी, खर्च. निव्वळ उत्पन्न फक्त पाच कामांवर खर्च करता येतं : जमातीचं सरकार चालवणं, सदस्यांचं कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय देणग्या आणि आसपासच्या स्थानिक संस्थांना मदत. सदस्यांना रोख वाटायचे असतील तर आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो.

तिसरी, कर. राज्याला या उत्पन्नावर थेट कर लावता येत नाही. वाटा हवा असेल तर त्या बदल्यात जमातीला काहीतरी खरंखुरं द्यावं लागतं, उदाहरणार्थ त्या भागात दुसऱ्या कोणाला कॅसिनो न देण्याची हमी.

कायद्याचा जीव या तीन कलमांत आहे. रूलेटचं चाक कुठेही फिरवता येतं. त्यातून पडलेला पैसा कोणाच्या गल्ल्यात जाईल, हे या कलमांनी ठरवलं.

पैसा आला, मग काय झालं?

सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या पूर्व चेरोकींचं आहे. तिथे संशोधकांचा एक गट १९९३ पासून ग्रामीण भागातल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करत होता. त्यात चेरोकी मुलंही होती. अभ्यास चालू असतानाच जमातीचा कॅसिनो आला आणि नफ्याचा निम्मा भाग सदस्यांमध्ये वाटला जाऊ लागला. मुलांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या नावाने ठेवले गेले.

संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, या पैशामुळे जी कुटुंबं गरिबीतून बाहेर आली, त्यांच्या मुलांमधले आक्रमकपणा, बेशिस्त वर्तन असे त्रास कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आले. नैराश्य आणि चिंता यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला, हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं.

अर्थतज्ज्ञ विल्यम इव्हान्स आणि ज्युली टोपोलेस्की यांनी २००२ मध्ये देशभरातल्या आदिवासी कॅसिनोंचा हिशेब मांडला. कॅसिनो उघडल्यावर चार वर्षांत तिथला रोजगार २६ टक्क्यांनी वाढला होता, काम करूनही गरीब राहणाऱ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं होतं. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. कॅसिनो असलेल्या काउंट्यांमध्ये दिवाळखोरी, वाहनचोरी आणि हिंसक गुन्हे सुमारे १० टक्क्यांनी वाढले.

शिवाय सगळ्यांचं नशीब सारखं नव्हतं. महानगराजवळच्या जमाती श्रीमंत झाल्या. साउथ डकोटातल्या पाइन रिज इथल्या ओग्लाला लकोटा जमातीचाही कॅसिनो आहे, पण जवळ मोठं शहर नाही, गिऱ्हाईक नाही. तो भाग आजही अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांत मोजला जातो. कनेक्टिकटमधल्या मॅशंटकेट पेक्वॉट या चिमुकल्या जमातीचा फॉक्सवुड्स कॅसिनो एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कॅसिनोंपैकी होता. २००९ च्या मंदीत त्यांच्या डोक्यावर २०० कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं आणि हप्ते थकले.

नवाहो ही सगळ्यात मोठ्या जमातींपैकी एक. त्यांनी १९९४ आणि १९९७ अशा दोन सार्वमतांत कॅसिनो नाकारला. पुढे मत बदललं आणि २००८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. निर्णय बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण 'नको' म्हणण्याचा आणि नंतर 'हो' म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

जालन्यातल्या वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट कॅलिफोर्नियात घडली. पैसा आल्यावर काही जमातींमध्ये सदस्यांच्या यादीवरूनच भांडणं पेटली. पेचांगा जमातीने २००४ आणि २००६ मध्ये काही घराण्यांना यादीतून काढून टाकलं. तुमच्या पणजीची नोंद खरी नाही, असं कारण दिलं गेलं. काढलेल्यांचं म्हणणं होतं की, वाटेकरी कमी करण्यासाठीच हे झालं. यादीतल्या नावाला किंमत आली की जुन्या नोंदी उकरल्या जातात, मग ती वंशावळ कॅलिफोर्नियातली असो की हैदराबाद गॅझेटमधली.

महाराष्ट्रात कॅसिनोचं काय झालं?

भारताच्या संविधानात जुगार हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. महाराष्ट्रात मूळ कायदा १८८७ चा, जुगाराला प्रतिबंध करणारा.

पण बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, महाराष्ट्रात कॅसिनोचाही कायदा होता. १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा मंजूर केला. त्यात परवाने, कर, सगळं होतं. मात्र तो लागू करणारी अधिसूचना कधीच निघाली नाही. पुढची ४७ वर्षं हा कायदा पुस्तकात पडून राहिला. मधल्या काळात त्याचा आधार घेऊन काही जण हायकोर्टातही गेले. अखेर २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला.

त्या कायद्यात आदिवासींचा विचार नव्हता. पर्यटन आणि महसूल एवढाच हिशेब होता.

याच राज्याची सरकारी लॉटरी मात्र १९६९ पासून चालू आहे. इथे कॅबझॉन निकालातला तर्क आठवा. राज्य स्वतः लॉटरी विकतं, म्हणजे जुगाराला सरसकट गुन्हा मानत नाही. हाच मुद्दा घेऊन मंठा तालुक्यातला एखादा तांडा किंवा भोकरदनची एखादी भिल्ल वस्ती कोर्टात गेली तर? टिकणार नाही. कारण कॅबझॉन जमात जिंकली ती लॉटरीच्या मुद्द्यावर अर्धी. उरलेली अर्धी लढाई 'आमच्या जमिनीवर आमचं सरकार आहे' या मुद्द्यावर होती. तांड्याकडे तो मुद्दाच नाही.

ऑनलाइनचा रस्ताही बंद झाला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. या खेळांमध्ये देशातले सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. मोबाईलवरच्या रमीत कर्जबाजारी झालेली तरुण मुलं मराठवाड्याला नवी नाहीत.

गोव्यात कॅसिनो आहेत. त्यातून स्थानिकांना काय मिळतं?

शेजारच्या गोव्याने १९९२ मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली. १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरचे खेळही आले. आज पणजीला मांडवी नदीत सहा कॅसिनो जहाजं उभी दिसतात.

गोव्यातही आदिवासी आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर आहे. पण मांडवीतल्या जहाजांशी या समाजांचा मालक म्हणून काहीही संबंध नाही. जहाजं खासगी कंपन्यांची. परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत. जीएसटी केंद्र आणि राज्याचा, जो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. स्थानिकांच्या वाट्याला नोकऱ्या आणि रात्रीची गर्दी.

त्यात एक विरोधाभास आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला जाता येत नाही. आपल्या माणसांनी यात पडू नये, असं सरकारलाच वाटतं. सिक्कीमनेही स्थानिकांना कॅसिनोबाहेर ठेवलं आहे. स्थानिकांना तोट्यापासून वाचवण्याचा विचार भारतातल्या या राज्यांनी केला. नफ्यात त्यांना मालक करण्याचा विचार कुठेच झाला नाही.

मेघालयाचा वेगळा अनुभव

भारतात आदिवासी आणि जुगार यांचा खराखुरा संबंध पाहायचा तर शिलाँगला जावं लागेल. खासी समाजात तिरंदाजी हा जुना खेळ आहे. गावांच्या सामन्यांवर लोक पैजा लावायचे. त्यातून 'तीर' नावाचा आकड्यांचा खेळ तयार झाला. दुपारी मैदानावर तिरंदाज बाण सोडतात, लक्ष्यात रुतलेल्या बाणांची संख्या मोजतात आणि शेवटच्या दोन आकड्यांवर पैसे लागतात. आपल्याकडच्या मटक्यासारखंच, फक्त आकडा चिठ्ठीतून न निघता बाणांतून निघतो. मेघालय सरकारने १९८० च्या दशकात त्यावर कर लावून तो कायदेशीर केला. शिलाँगच्या गल्लोगल्ली त्याचे छोटे काउंटर आहेत आणि खेळ स्थानिक तिरंदाजी क्लबच चालवतात.

त्याच मेघालयाने २०२१ मध्ये पर्यटकांसाठी कॅसिनो आणायचा कायदा केला, तेव्हा मात्र चर्च आणि सामाजिक संघटनांनी जोरदार विरोध केला. २०२२ मध्ये सरकारला तो कायदा मागे घेण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. ८६ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या राज्यात जुगाराला नकार होता असं म्हणता येत नाही, कारण तीर तिथे रोज चालतो. बाहेरचे मालक येऊन कॅसिनो चालवणार, यावर लोकांचा विश्वास नव्हता.

मग जालन्याचं काय?

जालना म्हणजे स्टीलच्या मिल, बियाणे कंपन्या आणि मोसंबी. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजूनही ऐकू येते. पण या पाळण्यात सगळ्यांना जागा नाही. जिल्ह्यातल्या तांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पारधी कुटुंबांच्या मागे अजूनही पोलिसांचा संशय लागलेला असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, लोकांच्या डोक्यातून नाही. अशा वस्तीजवळ उद्या जुगाराचा धंदा आलाच, तर पहिली धाड कोणाच्या घरावर पडेल, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याच्या नकाशावरही जालना कोरडा आहे. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. गडचिरोली, नंदुरबार, पालघर, नाशिक त्यात येतात. मराठवाड्यातून फक्त नांदेडचा काही भाग येतो. जालना नाही. जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ग्रामसभेला जमीन, गौण खनिज, वनोपज आणि दारू यांवर अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू होत नाही.

उद्या बंजारा किंवा धनगर समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला, तरी हे आपोआप बदलणार नाही. यादी माणसांची असते, अनुसूचित क्षेत्र जमिनीचं असतं. पहिल्याने दाखला मिळतो. गावाच्या साधनांवर हक्क मिळत नाही. तेलंगणात लंबाडा म्हणजे बंजारा समाज अनुसूचित जमातींत आहे. तिथेही जमिनीवरचे हक्क तो राहतो ते गाव अनुसूचित क्षेत्रात आहे की नाही, यावर अवलंबून असतात. याचा अर्थ आरक्षणाची मागणी फोल आहे असा नाही. शिकणाऱ्या मुलीसाठी मेडिकलची एक जागा म्हणजे पुढच्या पिढीचं आयुष्य. पण अमेरिकेतल्या जमातींना श्रीमंत करणारी गोष्ट ही नव्हती, एवढं लक्षात घ्यायला हवं.

कॅसिनो नको, पण ती तीन कलमं?

मालकी समूहाची, बाहेरच्या कंपनीच्या वाट्याला मर्यादा आणि नफा कुठे जाईल याचे ठरलेले नियम. या तीन गोष्टी जुगाराशिवायही चालतात. महाराष्ट्रातच त्याचं उदाहरण आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वन खात्याऐवजी ग्रामसभेकडे आला. त्यानंतर बांबू गावाने विकला, पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले आणि खर्च ग्रामसभेने ठरवला. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. इथेही भाव पडतात, ठेकेदार पैसे थकवतात. पण हिशेब मागणारा आणि हिशेब देणारा, दोघे गावात असतात.

जालन्यात एवढं जंगल नाही. मग सामूहिक म्हणावं असं काय आहे? गायरान.

मराठवाड्यात दलित, पारधी आणि भटक्या समाजाची अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं गायरान कसतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. तरी सातबारा न मिळालेली कुटुंबं गावोगावी आहेत. आता याच गायरानांना नवा दावेदार आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने दिल्या जातात. त्याच योजनेत खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला ५ लाख, तेही ३ वर्षं. प्रकल्प चालतो त्यापुढे कितीतरी वर्षं.

दिवसा वीज मिळणं शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे, यात शंका नाही. पण हिशेब मांडून पाहा. खासगी जमिनीचा मालक असेल तर त्याला करार संपेपर्यंत भाडं. जमीन सगळ्या गावाची असेल तर ३ वर्षांचं अनुदान. आणि तीच जमीन कसणारा, पण सातबारावर नाव नसलेला असेल, तर काहीच नाही. मांडवीत उभ्या जहाजांचा आणि माळावर उभ्या पॅनलांचा धंदा वेगळा आहे, पण पैशाचा प्रवास ओळखीचा वाटतो.

इथे अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यातला प्रश्न थेट लागू पडतो. गायरानावरच्या प्रकल्पात गावाला भागीदारी का नको? खासगी मालकाला जे भाडं मिळतं, तेच गावाला का नको? त्या पैशातून तांड्यावरची शाळा, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह, उचल घ्यावी लागू नये म्हणून बिनव्याजी कर्ज, असे खर्च आधीच ठरवून का ठेवता येऊ नयेत? यासाठी संविधान बदलावं लागत नाही. योजनेच्या अटी बदलाव्या लागतात, आणि त्या मुंबईत बसून शासन निर्णयाने बदलतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'आदिवासी कॅसिनोवाले कोट्यधीश' असा व्हिडिओ पाठवला, तर त्यातल्या चकचकीत दिव्यांकडे पाहून सोडून देऊ नका. तुमच्या गावात, तालुक्यात जो प्रकल्प येतोय, मग तो सौर असो, दगडाची खाण असो की महामार्गालगतचं गोदाम, त्याबद्दल चार प्रश्न विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे? नफ्यात गावाचा वाटा किती आणि किती वर्षं? तो पैसा कशावर खर्च होणार, हे कोण ठरवणार? आणि गावाला 'नको' म्हणता येतं का?

अमेरिकेतल्या काही जमातींकडे या चारही प्रश्नांची उत्तरं होती, म्हणून बिंगोच्या हॉलमधूनही त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या. जालन्यातल्या मोर्चांत पहिली मागणी दाखल्याची असते आणि ती समजण्यासारखी आहे. गायरानाच्या हिशेबाची मागणी अजून कोणत्याच मोर्चाच्या पहिल्या फलकावर आलेली नाही. ती करायला मात्र कोणाला यादीत यावं लागत नाही. ग्रामसभेची नोटीस लागते, आणि त्या दिवशी गावात हजर असलेली माणसं.